तठीचं पाणी

भाग्यश्रीने काढलेल्या पहिल्याच नकाशात तिच्या आईची चूल पाण्याखाली गेली.

चूलच काय, अख्खं घर, मागचा गोठा, शाळेचं पटांगण आणि मातामायचं देऊळ, सगळं निळंशार. लॅपटॉप अंगणातल्या खाटेवर ठेवून तिने मोठ्या हौसेने हाक मारली होती, "माय, ये ना, आपला तलाव पाह्य." धनवंता पदराला हात पुसत आली. या चित्रात आपलं घर कुठं, देऊळ कुठं, हे तिने लेकीकडून नीट समजून घेतलं आणि मग शांतपणे विचारलं, "म्हणजे आता मी सैपाक डोंग्यात बसून करू का?"

कुंपणापलीकडची शेजारीण फिदीफिदी हसली. भाग्यश्रीचे कान लाल झाले. एम.एस्सी.ला गणित घेतलेली, रोज सौंदडहून गाडीने गोंदियाच्या कॉलेजात जाणारी पोर, आणि स्वतःचं घरच बुडवून बसली. दुसरी कुणी असती तर लॅपटॉप मिटून दिवसभर फुगून बसली असती. पण ही चैतरामची लेक. बाप असा, की जाळ्याची एक गाठ सुटली तर अख्खी दुपार मांडी न मोडता बसेल, आणि लेक हुबेहूब त्याच्यावर गेलेली.

भानगड अशी होती. तलाव जुना, मालगुजारीच्या काळातला, मोठा. आकार म्हणाल तर धड गोल नाही की धड लांब नाही. गावाला दोन्ही हातांनी कवेत घेऊन बसलेला. एक हात शाळेच्या मागे, दुसरा ढिवरपुऱ्याच्या, म्हणजे मासेमारांच्या वस्तीच्या, मागे, आणि मध्ये कोरडं ठणठणीत गाव. आता हे त्या सॉफ्टवेअरला कोण सांगणार? त्याला मिळाले नुसते ठिपके, इथे पाणी एवढं आणि तिथे तेवढं. त्याने सगळ्यात बाहेरचे ठिपके धरले, पोत्याचं तोंड आवळावं तशी भोवती दोरी आवळली आणि दोरीच्या आत जे जे आलं ते पाणी समजून रंगवून टाकलं. मशीनच ते. त्याला कुणाची चूल माहीत, ना कुणाची माय.

त्यातून ठिपकेही शिस्तीचे नव्हते. या सॉफ्टवेअरला आवडतो धानाचा रोवणा. दोरी लावून, ओळीत ओळ, दोन रोपांत सारखं अंतर. आणि भाग्यश्रीने त्याच्यापुढे टाकला होता आवत्या, मुठीने फेकून पेरलेला, कुठे दाट तर कुठे विरळ. डोंगा, म्हणजे आपली लहान होडी, काही रेल्वेच्या रुळावरून चालत नाही. वारा येतो, शिंगाड्याचे वेल आडवे येतात, मध्येच कुणाचं जाळं असतं. जिथे डोंगा गेला तिथलाच आकडा मिळणार.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर यंदा तलावातला गाळ काढायचा होता. त्यासाठी आधी तुडुम, म्हणजे पारीच्या, तलावाच्या बांधाच्या, पोटातलं पाणी सोडायचं तोंड, उघडायचं. पाणी उतरलं की पोकलेन आत घालायचं. पण सगळं पाणी सोडून चालत नाही. तलावातला सगळ्यात खोल डोह तेवढा भरलेला ठेवायचा. बाजूचं पाणी उतरायला लागलं की माशांच्या मोठ्या माद्या आपोआप खोलाकडे सरकतात, तिथे उन्हाळा काढतात, आणि पावसाळा लागला की त्यांच्याच पोटातून पुढची मासळी येते. डोह धरायला चुकलात तर माद्या चिखलात तडफडून मरणार, आणि ढिवरपुऱ्याने पुढची दोन-तीन सालं तलावाकडे नुसतं तोंड करून बसायचं.

मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष खेमराज म्हणाला होता, "सरकारी मोजणीची वाट पाहत बसलो त माही दाढी जमिनीले टेकन. चैतरामची पोरगी शिकून राहिली ना गणित? मग मोजू दे तिले." भाग्यश्रीला कॉलेजात प्रकल्प करायचाच होता. तिने लगेच हो म्हटलं. रविवारी संस्थेची सभा, सोमवारी तुडुम उघडणार, एवढं ठरलं.

चैतरामने स्वतःचा डोंगा काढला. एक लांब सरळ बांबू शोधून त्याच्यावर वितीवितीला लाल पट्टे मारले. कॉलेजात शिकणाऱ्या लेकीसाठी डोंग्यात फळी टाकली, फळीवर पोतं घातलं, आणि ती नको नको म्हणत असतानाही छत्री बांधली. बाप-लेक इतका वेळ सोबत कधी बसले नव्हते. तिच्या लहानपणी तो पहाटे पाण्यावर, नंतर ती दिवसभर कॉलेजात. या मोजणीच्या सकाळी मात्र तो वल्हं मारायचा, बांबू तळाला टेकवायचा आणि पट्टे मोजून सांगायचा. ती फोनवर जागा आणि आकडा टिपायची. मधल्या वेळात तो उकडलेले शिंगाडे सोलून तिच्या हातावर ठेवी. बोलणं फारसं नव्हतं. पण भाग्यश्रीला त्या सकाळी फार आवडत होत्या, इतक्या, की काम लवकर संपू नये असं तिला वाटायचं.

चूल बुडाल्यावर ती हटून बसली. फोन हातात घेऊन सगळ्या तलावाच्या काठाकाठाने पायी फिरली. चैतराम पुढे, काठीने गवत झोडपत, साप-विंचू असेल म्हणून, ती मागे. काठाची ती वेडीवाकडी रेघ तिने सॉफ्टवेअरला दिली आणि बजावलं, बाबा रे, या रेघेच्या बाहेर एक थेंब रंगवायचा नाही. दुसऱ्या वेळी नकाशा उमटला तो अगदी तलावासारखा तलाव. काठाशी पिवळा, मग हिरवा, मग पारीखाली आतल्या बाजूने निळा पट्टा, आणि खोलात गर्द निळा. धनवंताने पुन्हा येऊन पाहिलं. "हं," ती म्हणाली. "आता चूल कोरडी आहे."

सगळं असं जमून आलं असताना भाग्यश्रीला ते दिसलं.

रंगांवर तिने आपले मोजलेले ठिपके काळ्या रंगात टाकून पाहिले होते, कुठे कमी पडले का ते बघायला. तलावाच्या पूर्वेच्या अंगाला, जिथे नाला येऊन मिळतो त्याच्या थोडं आत, एकही ठिपका नव्हता. बाजूने होते, भरपूर होते. जवळ येत आणि वळून जात. एकदा नाही, दर सकाळी. डोंगा त्या जागेला वळसा घालून गेला होता, आणि सॉफ्टवेअरने, ढिली चादर मध्ये झोळ घेते तसा, आजूबाजूचा उतार त्या रिकाम्या जागेत पुढे ओढून तिथे गर्द निळा डोह काढला होता. सगळ्या तलावातला सगळ्यात खोल डोह तोच, आणि तिथे मोजमाप एकही नाही.

तिला आठवलं. त्या बाजूला गेलं की बाबा म्हणायचा, "तिकडं जलकुंभी आहे, बाई. डोंगा अडकते." जलकुंभी, ती पाण्यावर पसरणारी जलपर्णी, होती खरी, दाट होती. पण ती तर शाळेमागेही होती, आणि तिथे तो डोंगा रेटून घुसला होता.

आई तांदूळ निवडत होती. भाग्यश्रीने लॅपटॉप तिच्यापुढे धरून विचारलं, "माय, बाबा अठी काऊन नाही गेला?"

धनवंताचा हात सुपातच थांबला. "त्याले विचारलंस का?"

"नाही."

"विचारू नको," ती म्हणाली, आणि मग हळू आवाजात तिने सांगितलं. चैतरामचा बाप, छोटेलाल, तलावात गेला हे भाग्यश्रीला माहीत होतं. कुठे गेला हे कुणी कधी बोललं नव्हतं. धनवंता तेव्हा नवी नवरी. जाळं खाली अडकलं म्हणून म्हातारा ते सोडवायला उतरला आणि वर आला नाही. दुसऱ्या दिवशी सापडला. ढिवरपुऱ्याची रीत अशी, की पाण्याने माणूस नेला की ते पाणी बंद. तिथे कुणी जाळं टाकत नाही, बांबू टेकवत नाही, डोंगा नेत नाही. दहाव्या दिवशी मोठ्या मुलाने डोंगा घेऊन जायचं, दिवा लावायचा, दहीभाताचा द्रोण पाण्यावर सोडायचा आणि हात जोडून सांगायचं, की जा आता. मग पाणी मोकळं. "तुह्या बाबानं ते केलंच नाही," धनवंता म्हणाली. "लोकं साल-दोन सालं थांबले. मग कोणी बोललं नाही, अन् कोणी गेलंही नाही. त्या जागेले नावसुद्धा नाही. नुसतं तठी म्हणतात." तठी, म्हणजे तिथे.

"पण काऊन नाही केलं?"

"मले काय मालूम. मी एकदा विचारलं त दोन दिवस जेवला नाही. मग मी पुन्हा विचारलं नाही."

शनिवारी सकाळी खेमराज स्वतः नकाशा बघायला आला. चहा बशीत ओतून तो स्क्रीनवर वाकला आणि पाहता पाहता त्याचा चेहरा उजळला. "वा रे पोरी. तठी गर्द निळं. मी म्हणतच होतो, माद्या तठीच जातीन. दोन बांबू पाणी आहे तठी, काही झालं तरी आटत नाही. झालं त मग, सोमवारी तुडुम उघडू."

"काका, तो निळा मोजलेला नाही," भाग्यश्री म्हणाली. "बाजूच्या आकड्यांवरून कम्प्युटरनं अंदाज केला."

"मग? शितावरून भाताची परीक्षा. आपण नाही का करत?"

"आपण त्याच हंडीतलं शीत पाहतो ना, काका. हे त शेजारच्या हंडीतलं शीत पाहून आपला भात शिजला म्हणून राहिलो."

खेमराज हसला, पण पुरतं नाही. "दोन बांबू आहे म्हणून सांगतो ना. पोरासोराले माहीत आहे."

"कोणी मोजलं?"

यावर खेमराजने चहाची बशी खाली ठेवली, घरात चैतराम नाही ना हे मान वळवून पाहून घेतलं. "कोण मोजन? पाणी मोकळं झालं का? पाह्य बाई, तुहा बाप अन् मी एकाच सालचे. मी त्याले त्या दिवसांत पाह्यलं आहे. त्याले या गोष्टीत घालू नको. निळं आहे त निळं राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची." एवढं बोलून तो उठला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, उलट मायाच होती, आणि तीच तर पंचाईत होती. अख्ख्या गावाने चैतरामच्या मायेपोटी त्या पाण्याकडे पाठ केली होती. आणि आता त्याच पाण्याच्या भरवशावर सगळ्या तलावाची मासळी टाकायची होती.

भाग्यश्रीने कॉलेजातल्या बिसेन सरांना फोन लावला. सर बाजारात होते, मागे भाजीवाल्यांचा गलका चाललेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि आपल्या गोंदियाच्या हिंदीत म्हणाले, "बेटा, खाली छोड दो." मग मराठीत, "तिथे भरू नकोस असं त्याला सांगता येतं, तुला शिकवलंय मी. नकाशात रिकामी जागा दिसली तर लोक विचारतील तरी. निळी दिसली तर कोण विचारणार?"

सरांचं काय जातं? रिकामं सोड म्हणे. उद्या सभेत भिंतीवर तो नकाशा लागणार. सगळा ढिवरपुरा समोर बसलेला, आणि बापाने जन्मभर जे कुणाला दाखवलं नाही ते लेकीने पांढरंशुभ्र करून भिंतीवर टांगलेलं. निळं ठेवावं तर बापाला धक्का लागत नाही, पण तिथे पाणी नसलं तर माद्या जातात. पांढरं करावं तर मासळी वाचायची निदान आशा, पण बाप? दुपारचं ऊन अंगणात उतरेपर्यंत ती नुसती बसून राहिली. मग तिने सॉफ्टवेअरला हुकमाच्या दोन ओळी लिहिल्या आणि ती जागा पुसून टाकली. रंगीत तलावात एक पांढरं भोक उरलं, वेडंवाकडं, चांगलं मोठं.

चैतराम तेवढ्यात जाळं खांद्यावर टाकून आला. जाळं कुडाला अडकवलं, माठातलं पाणी प्याला, आणि तिच्या मागे उभा राहून पाहू लागला.

"हे पांढरं काऊन?"

खोटं बोलायला एक क्षण होता. "तठी आपण गेलो नाही, बाबा."

तो खाटेच्या कडेवर बसला. "खेमराज त म्हणे लय छान निळं झालं."

"ते कम्प्युटरनं भरलं होतं. मी पुसलं."

"कायले पुसलं?"

"पाणी कमी असन त माद्या मरतीन म्हणून." मग तिने उरलेलंही सांगून टाकलं. "तुमाले वाईट वाटन म्हणून निळंच ठेवणार होती मी. पण आजाच्या जागेवर मी माह्या मनानं काही कसं भरू?"

चैतरामने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. "मायनं सांगितलं असन तुले."

"हो. पण तुमी मोकळं काऊन नाही केलं ते तिले माहीत नाही."

"तिले कसं माहीत असन. मी कोणाले सांगितलंच नाही." तो आपल्या तळहातांकडे पाहत बोलू लागला. "दहाव्या दिवशी डोंगा सोडला होता मी. दिवा, भात, सगळं घेऊन. अर्ध्या रस्त्यातून वापस आलो. मोकळं केलं म्हणजे बाबा गेला. बंद आहे तोवर तठी आहे, असं वाटे. जाताना बाजूनं जातो त मनात म्हणतो, बाबा, जातो. येताना म्हणतो, बाबा, आलो."

"रोज?"

"रोज. तू होती तवाही."

भाग्यश्रीला रडू फुटलं आणि तिने ते लपवलं नाही. ज्याला ती जलकुंभीचा वळसा समजली होती, तो बापाचा नमस्कार होता. "राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "पांढरंच राहू द्या. मी सभेत सांगते, मोजलं नाही म्हणून. तुडुम उघडू नका म्हणून सांगते. कोणी काही बोललं त मी पाहून घेईन."

चैतरामने बोट पुढे केलं आणि स्क्रीनला न लावता त्या पांढऱ्याच्या कडेकडेने हवेत फिरवलं. "येवढं मोठं आहे?"

"हो."

"मले वाटे, मलेच दिसते." तो उठला, जाळं कुडावरून काढून घडी घालू लागला, आणि पाठमोराच म्हणाला, "उद्या सकाळी चाल माह्यासंगं."

सकाळी धनवंताला कुणी काही सांगितलं नव्हतं. तरी ती लवकर उठली होती, भात झाला होता, पळसाच्या पानाचा द्रोण लावून ठेवला होता. दही घातलं, दिव्यात तेल घातलं, वात वळली. सगळं नवऱ्याच्या हातात देताना तिने क्षणभर त्याचा दंड धरला, मग सोडला. पारीवर चार-पाच माणसं होती, खेमराजही होता. चैतरामच्या हातातला दिवा पाहून त्यांनी काही विचारलं नाही. ज्यांची जाळी पाण्यात होती त्यांनी ती ओढून वर घेतली आणि डोंगा पाण्यात लोटेपर्यंत सगळे उभे राहिले.

जलकुंभी रेटत डोंगा आत शिरला. चैतरामने आज एका बांबूला दुसरा बांबू सुतळीने जोडून घेतला होता. त्या जागी पोचल्यावर त्याने वल्हं आत घेतलं. दिवा लावला, वारा नव्हता, लगेच लागला. द्रोण पाण्यावर सोडला. हात जोडले आणि ओठ हलले. "जा आता" म्हणाला की आणखी काही, भाग्यश्रीला ऐकू आलं नाही. तिने विचारलंही नाही. ते त्या दोघांचं होतं.

मग त्याने तो लांबलचक बांबू दोन्ही हातांनी उचलला आणि पाण्यात सोडला. बांबू पुरता आत जायच्या आधीच थबकला. चैतरामला वाटलं, लाकडाला अडकला. वर ओढून दुसऱ्या बाजूला टाकला, तिथेही तसंच. डोंगा थोडा सरकवून टाकला. दोन बांबूंची जोड वर हवेत, आणि पाणी पहिल्याच बांबूच्या अर्ध्याला नाही.

"गाळ," तो म्हणाला. नाल्याने जंगलातली माती आणली होती, सालोसाल, आणि ती बरोबर इथे बसली होती. इथे ना कुणाचं जाळं फिरलं, ना कुणाचा बांबू टेकला, कुणाला कळणार? वर जलकुंभीची चादर, आणि गाव म्हणतं दोन बांबू. कम्प्युटरही तेच म्हणाला, आणि चैतराम तर रोज त्या खोल पाण्याला हाक मारत आला होता.

त्याने बांबू डोंग्यात आडवा ठेवला. "डोंगा धर," म्हणाला, आणि भाग्यश्रीला समजायच्या आत कडेवरून खाली उतरला. तिने झडप घालून त्याचा सदरा धरला. पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. पाय थोडे रुतले, मग टेकले. तो उभा होता.

"बाबा," भाग्यश्री म्हणाली, "उद्या तुडुम उघडला असता त अठी नुसता चिखल उरला असता. सगळ्या माद्या गेल्या असत्या."

त्याने मान डोलावली, पण त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. दोन्ही हात पाण्यावर पसरून तो खाली पाहत होता, जिथे त्याचे पाय असतील तिथे.

"बाबा आज उतरला असता," तो म्हणाला, "त उभा राहिला असता."

आणि मग चैतराम रडला. इतक्या वर्षांचं साचलेलं, तोंड न झाकता, उभ्या उभ्या. भाग्यश्रीने सदरा सोडला नाही. दुसरा हात तिने बापाच्या डोक्यावर ठेवला. असा हात तिने कधी ठेवला नव्हता. लेकीने बापाच्या डोक्यावर हात ठेवायची आपल्यात रीत नाही. पण तिला दुसरं काही सुचलं नाही, आणि त्यानेही डोकं बाजूला घेतलं नाही. दिवा जळत होता. पारीवरची माणसं लांबून पाहत होती. डोंग्याबाहेर छातीभर पाण्यात चैतराम उभा आहे, हे त्यांनाही आता दिसलं असणार, कारण खेमराज मटकन खाली बसलेला भाग्यश्रीला दिसला.

बऱ्याच वेळाने चैतरामने ओंजळीत तलावाचं पाणी घेतलं आणि तोंड धुतलं. "खेमराजले सांगू, तुडुम थांबवा," तो म्हणाला. "माद्यायसाठी पारीखालचा तो निळा पट्टा धरू, त्याले मातीचा बांध घालू. तो मोजलेला आहे ना?"

"हो, बाबा. चांगला मोजलेला आहे."

"मग ठीक. पहिले तू हे पांढरं भर."

"बांबू देऊ का?"

"कायले? मी आहे ना." त्याने जलकुंभी हाताने बाजूला सारली आणि एक पाय पुढे टाकला. थांबला, पाणी कुठवर आलं ते पाहिलं. "लिव. छाती."

तिने फोन काढला, जागा टिपली आणि पुढे लिहिलं, छाती. घरी गेल्यावर बापाला भिंतीशी उभं करून टेपने मोजावं लागणार होतं, त्याशिवाय सॉफ्टवेअरला छाती म्हणजे काय ते कळायचं नाही. त्या विचाराने तिला रडता रडता हसू आलं.

"छाती," तो पुढे जाऊन म्हणाला. मग आणखी पुढे, "अठी बगल आहे, थोडं खोल." मग वळून नाल्याच्या बाजूला, "कंबर."

वल्हं मारायला तिला नीट येत नव्हतं. डोंगा कधी आडवा जायचा, कधी बापाच्या पाठीला लागायचा, आणि तो न रागावता हाताने सरळ करून द्यायचा. सूर्य चांगला वर आला तरी चैतराम थांबला नाही. पाय टेकवत, पाणी अंगावर मोजत, तो तठीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चालत राहिला.